लंडनची तपस्विनी

"आजी, ही मुलगी तप करत नाहीये. ही नाचतेय."

दूध उतू गेलंय म्हणून सांगावं, इतक्या सहज माझ्या नातीनं हे सांगितलं. मी पोहे चाळत होते. चाळणी हातात तशीच राहिली. गेली पन्नासहून अधिक वर्षं मी त्या मुलीला तपस्विनी समजत आले होते. नुसती समजत नव्हते, अख्ख्या कारखान्याच्या वसाहतीला छातीठोकपणे तसं सांगून बसले होते. त्यातल्या निम्म्या बायका आज आज्या आहेत, आणि त्यांच्यापैकी एखादीनं ती गोष्ट नातवंडांना सांगितली नसेल असं मुळीच नाही.

नात पुण्यात असते. कॉम्प्युटरवर चित्रं काढायची नोकरी करते. दिवाळीला कोपरगावला आली की माझ्या पत्र्याच्या ट्रंका उचकणं हा तिचा फराळाइतकाच आवडता कार्यक्रम. या खेपेला एका ट्रंकेच्या तळाशी तिला जुना गठ्ठा सापडला. लंडनहून निघणारं मुलींचं साप्ताहिक. पानापानावर चौकटी, चौकटीत चित्रं, चित्रातल्या माणसांच्या तोंडातून निघालेले फुगे आणि फुग्यांत इंग्रजी.

हे लंडनचं बाड उसाच्या मुलखात कसं आलं, ते आधी सांगते.

माझं लग्न झालं तेव्हा सासरे साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. आम्ही कारखान्याच्या वसाहतीतच राहायचो. मशिनरी बसवायला एक गोरा साहेब विलायतेहून आला होता. बायको आणि मुलगी घेऊन तो बंगल्यात राहायचा. त्या मुलीसाठी हे साप्ताहिक बोटीनं यायचं, दोन-तीन महिने शिळं, आणि आलं की एकदम पाच-सहा अंक. मडम ते रद्दीत टाकायच्या आणि सासरे घरी आणायचे, कारण कागद जाड होता आणि सासूबाईंना फडताळात अंथरायला तसलाच हवा असे. पुढं मशिनरी बसली, साहेब बिऱ्हाड उचलून गेला. पण वर्गणी पुढची भरलेली असावी. साप्ताहिक येतच राहिलं. ज्याला धनी नाही असं टपाल स्टोअरकीपरच्या टेबलावर पडतं, तसं तेही पडायचं.

आता माझा प्रताप. मला बघायला पाहुणे आले होते तेव्हा माझ्या वडलांनी सांगून टाकलं होतं की मुलीला इंग्रजी वाचता येतं. मॅट्रिकला इंग्रजीत मी दोनदा नापास झाले होते. दोनदा नापास म्हणजे तोच अभ्यास तीनदा, असा त्यांचा हिशेब असावा. अक्षरं मला येत होती, शब्दही अडखळत वाचायची, पण त्यांचा अर्थ माझ्यापासून चार हात लांब राहायचा. सासूबाईंनी हे लक्षात ठेवलेलं. साहेबाची रद्दी आली की शेजारणींच्या देखत त्या म्हणायच्या, "वाच बघू सूनबाई, काय म्हनतंय त्यात."

न वाचून करते काय? वडलांची लाज गेली असती. मी तोंडातल्या तोंडात थोडं इंग्रजी पुटपुटायची, ते ऐकून शेजारणी माना डोलवायच्या, आणि मग मी चित्रं बघून मनाला येईल ते मराठीत सांगायची. अठरा वर्षांची होते. अक्कल कमी, पण आत्मविश्वास असा की पोलिसानं धरलं तरी त्यालाच पत्ता विचारला असता.

त्या साप्ताहिकात दर अंकात एका मुलीची चालू गोष्ट असायची. अनाथ पोर. केस घट्ट बांधलेले. घरात एक खाष्ट मावशी तिला भांडी घासायला लावायची, आणि ही पोर माळ्यावर जाऊन पायाच्या अंगठ्यांवर उभी राहायची. हात वर. डोळे मिटलेले. अंगात झालरीचा तोकडा फ्रॉक. आता मला सांगा, अंगठ्यावर हात वर करून उभं कोण राहतं? आमच्याकडच्या कुठल्याही शहाण्या माणसाला विचारा. कथाकीर्तनात लहानपणापासून ऐकलेलं. ध्रुव तसा उभा राहिला, पार्वती तशीच उभी राहिली. मी जराही न अडखळता सांगून टाकलं, "ही तप करती."

बायकांनी विचारलं, कशासाठी? मी म्हणाले, तिला शाळा शिकायचीय म्हणून.

हे मी का म्हणाले, तर माझी नणंद समोर बसली होती.

नणंद माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पहिल्या झटक्यात मॅट्रिक पास झालेली, म्हणजे घरात इंग्रजी खरंच येणारी एकटी तीच. पण हे मला तेव्हा सुचलंच नाही, आणि तिनं कधी दाखवलंही नाही. तिला नगरला जाऊन नर्सिंग करायचं होतं. फॉर्म आणून तिनं तांदळाच्या डब्याखाली ठेवला होता. त्या घरात माझी पहिली मैत्रीण तीच. माझी करपलेली भाकरी ती स्वतःच्या नावावर घ्यायची आणि शिव्या खायची. मग मी माझ्या गोष्टीतल्या मुलीला नणंदेचंच वेड दिलं. दर अंकात मावशी विघ्न आणायची आणि पोर पुन्हा अंगठ्यांवर उभी राहायची. वसाहतीतल्या पोरी नळावर रांगेत अंगठ्यांवर उभ्या राहायला लागल्या. एकीचा पाय मुरगळला, तर तिच्या आईनं मलाच येऊन विचारलं की तप मधेच सुटलं, आता पाप लागेल का. मी म्हणाले, लागणार नाही, पण हळद लावा.

तर ही तपस्विनी नाचत होती; अंगठ्यांवरच्या त्या विलायती नाचाला बॅले म्हणतात, असं नातीनं सांगितलं.

नात हसून हसून आडवी झाली. मी काही हसले नाही. मी तिला म्हणाले, बघ तर खरं त्या मोबाईलवर, हे कुणी काढायचं, कोण लिहायचं. तिनं शोधलं. तिकडच्या माझ्याच वयाच्या बायकांनी जुन्या साप्ताहिकांच्या आठवणी लिहून ठेवल्यात म्हणे. त्यातून ती एकेक वाचून मराठीत सांगत गेली, आणि मी एकेका गोष्टीनं गार पडत गेले.

हे साप्ताहिक काढणारी कंपनी आधी देवाधर्माची चोपडी छापायची. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की पोरांच्या खिशातही नाणं असतं. पोरांचं साप्ताहिक निघालं, मुलींचं निघालं, छोट्यांचं वेगळं, मोठ्यांचं वेगळं. नदीकाठी मोठी इमारत झाली. एकेका मजल्यावर एकेक साप्ताहिक, खाली छापखाना. अंक निघायचा त्या दिवशी तिकडची पोरं शाळेआधी दुकानाशी रांग लावायची. नवं साप्ताहिक निघालं की पहिल्या काही अंकांवर काहीतरी फुकट चिकटवलेलं: शिट्टी, अंगठी, गोळ्यांची पुडी. हे ऐकून माझं एक जुनं कोडं सुटलं. आमच्याकडच्या काही अंकांच्या मुखपृष्ठावर चिकटपट्टीचा वाळलेला डाग असायचा आणि कागदाचा पापुद्रा निघालेला असायचा. वस्तू अर्थात साहेबाच्या मुलीनं घेतलेली. आम्ही त्या डागाकडे बघून तिथं काय असेल यावर भांडायचो. मी सांगितलं होतं, तिथं अंगारा असतो.

"आणि आजी, हे ऐक," नात म्हणाली. "मुलींच्या या गोष्टी बहुतेक सगळ्या पुरुषच लिहायचे. वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणारी ती ताई आहे ना, फोटोवाली? तीसुद्धा नव्हती. पुरुषच बसून लिहायचा."

"बाप्ये?"

"बाप्ये. आणि कुणाचं नाव छापायचे नाहीत. चित्रं काढणाऱ्याचंही नाही. काम झालं की मूळ चित्रं फेकून द्यायचे. फरशीवर पाणी सांडलं तर पुसायला घ्यायचे."

हे मात्र तिलाही लागलं असावं, चित्रंच काढते ती. मी विचार करत होते की पोरींच्या मनातलं मला किती कळतं म्हणून वसाहतीनं माझं कौतुक केलं, आणि तिकडं मिशीवाला बाप्या आणि इकडं दोनदा नापास झालेली सून, असे दोघे मिळून आम्ही गोष्ट सांगत होतो. दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता नाही.

मग उतरती कळा. घरोघरी टीव्ही आला. कागद महागला. पोरं पूर्वीसारखी घेईनात. हे मात्र मला तिनं सांगायला नको होतं, कारण मी ते बोटांनी अनुभवलं होतं. अंक बारीक होत गेले होते, कागद इतका हलका झाला की सासूबाईंनी तक्रार केली, फडताळात टिकत नाही म्हणून. रंग फक्त मुखपृष्ठावर उरला. कंपनीची एक रीत होती, असं नातीनं वाचलं. एखादं साप्ताहिक खपेनासं झालं की ते बंद करतोय असं कधी सांगायचं नाही. शेवटच्या अंकावर लिहायचं, आनंदाची बातमी! आणि पुढच्या आठवड्यापासून ते दुसऱ्या खपणाऱ्या साप्ताहिकात मिसळून टाकायचं. मुखपृष्ठावर दोन्ही नावं. आधी दोन्ही ठळक, मग दुसरं बारीक, मग आणखी बारीक, आणि काही महिन्यांनी दुसरं नाव नाहीसं.

"किती भयंकर आहे ना?" नात म्हणाली.

मी म्हणाले, त्यात काय भयंकर, माझं नाव तर पहिल्या दिवशीच गेलं. ताटात तांदूळ पसरले, तुझ्या आजोबांनी अंगठीनं त्यावर नवं नाव लिहिलं, पेढा वाटला. त्या कंपनीनं निदान काही महिने तरी ठेवलं. आणि आठवलं मला, मी वसाहतीला सांगितलंही होतं, जोडनाव असलेला पहिला अंक आला तेव्हा: या साप्ताहिकाचं लग्न झालं. बायकांना ते लगेच पटलं. एकीनं विचारलं, सासर बरं आहे का?

हे हसण्यावारी चाललं होतं. मग नातीनं गठ्ठ्यातला एक अंक ओढला. आनंदाची बातमी छापलेला तो अंक, त्या साप्ताहिकाचा एकट्याचा शेवटचा. आणि म्हणाली, "आजी, तुझ्या तपस्विनीचा शेवट यात आहे. सगळं दोन पानांत उरकलंय. मावशीला पश्चात्ताप होतो, मोठ्या नाट्यगृहात हिला नाचायला मिळतं, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, फुलं देतात. बघ, किती घाई केलीय. पण जिंकली पोरगी."

मी विचारलं, जिंकली?

"हो मग. तिला जे हवं होतं तेच मिळालं."

मी तो अंक तिच्या हातातून घेऊन मिटला. कारण त्या दोन पानांचं मी काय केलं होतं ते मला नीट आठवत होतं.

तो अंक आला त्याच सुमारास नणंदेला पुणतांब्याचं स्थळ आलं होतं. घर चांगलं, जमीन नदीकाठची, मुलगा निर्व्यसनी. नणंद नाही म्हणून बसली. तिच्यावर हात उगारायची रीत आमच्याकडे नव्हती, आणि अन्न सोडणारी ती नव्हती; ती नुसती शांतपणे नाही म्हणायची, आणि त्याचाच सगळ्यांना ताप. एका सकाळी सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ती माझं ऐकत न्हाई, तुझं ऐकती. तुझ्या त्या पोरीचं काय ते बग."

दुपारी सगळ्या ओट्यावर जमल्या. मी अंक उघडला. शेवटच्या चौकटीत पोर पांढऱ्या झालरींच्या झग्यात उभी, डोक्याला पांढरी फुलं, हातात फुलांचा मोठा गुच्छ, समोर माणसांची गर्दी. माझं माहेर नगरचं. आमच्या गल्लीच्या टोकाला मिशनचं देऊळ होतं, तिथल्या नवऱ्या मी दर मे महिन्यात बघितलेल्या. अशाच झग्यात, असाच गुच्छ धरून. तेव्हा मी जे सांगितलं ते अगदीच हवेतून काढलं नव्हतं, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. मी म्हणाले, देव प्रसन्न झाला. म्हणाला, पोरी, शाळेनं काय होतं, मी तुला चांगलं घर देतो. तिनं तप सोडलं, टाचा टेकल्या, आणि हे बघा लग्न.

सगळ्या खूश झाल्या. नणंद पुढं वाकली, चित्र बघितलं आणि विचारलं, "वैनी, नवरा कुठं हाय?"

नवरा नव्हता. अख्ख्या पानावर कुठंच नव्हता. मी एक क्षणही न थांबता म्हणाले, "तो फोटो काढतोय."

बायका हसल्या. नणंद हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईला होकार दिला. तांदळाच्या डब्याखालचा फॉर्म कुठं गेला ते मी विचारलं नाही.

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती हसायची थांबली आणि म्हणाली, "चल." मी म्हणाले, कुठं? म्हणाली, "पुणतांब्याला. सांगायला नको?" मी सांगितलं, की तिचं सगळं चांगलं झालंय, नवरा देवमाणूस होता, दोन मुलं मार्गी लागली, आता कशाला उकरायचं. नात गाडीची किल्ली घेऊन उभीच. वाटेत मी दोनदा सांगितलं की माझं डोकं दुखतंय. दोन्ही वेळा तिनं गाडीतली पाण्याची बाटली पुढं केली.

नणंद ओट्यावर बसली होती. मुलानं तिला रक्तदाब मोजायचं मशीन घेऊन दिलंय, तेव्हापासून आल्यागेल्याचा दंड धरल्याशिवाय ती पाणीसुद्धा विचारत नाही. सकाळी गल्लीतल्या बायकांची तिच्याकडे रांग असते. आम्ही टेकलो न टेकलो तोच माझ्या दंडाला पट्टा. मी सुरुवात केली, ताई, एक सांगायचं होतं. म्हणाली, "बोलू नको. आकडा चुकतो."

मशीन घरघरलं. तिनं चष्म्यातून बघितलं. "एकशे सत्तर. काय करून आलीस?"

"केलंय पूर्वीच," मी म्हणाले.

नातीनं मोबाईलवर त्या पानाचा फोटो मोठा करून तिच्या हातात दिला. मी सांगितलं. तप नव्हतं, नाच होता. लग्न नव्हतं. तिला हवं ते मिळालं होतं. मी भराभर बोलत होते, आणि शेवटी म्हणाले की असला नाच असतो हे मला ठाऊकच नव्हतं, झगा बघून चूक झाली.

ती फोटो बघत राहिली. मग फोटोवरून नजर न काढता म्हणाली, "फोटूत नवरा नव्हता, वैनी. मला दिसत हुतं. तुला बी दिसत हुतं."

मी दंडावरचा पट्टा सोडायला लागले.

"आन फुग्यात काय लिव्हलंय ते बी वाचता येत हुतं मला," ती म्हणाली. "सुरुवातीपास्नं. ती नाचती हे मला पहिल्या दिशी ठाव हुतं. पर तू तिला शाळंचं याड लावलंस ना, तर मला वाटलं, वैनी माझ्यासाठी करती. म्हनून गप बसायची. घरात एक मानूस माझ्या बाजूचं हाय असं वाटायचं. त्या दिशी कळलं, न्हाई. मग म्हनलं, आता कुनाच्या जिवावर न्हाई म्हनायचं."

आवाज अजिबात चढला नव्हता. बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. मी मात्र अशी बसले की कुणी ओट्यावर आणून ठेवलंय. आयुष्यभर मला हा गर्व की मी फसवलं, आणि हा डागही की मी फसवलं. आणि फसलं कुणीच नव्हतं. गोष्टीनं तिचं मन वळवलं नव्हतं. मी तिला सोडून दिलं होतं, आणि ते तिनं चौकटीत बघून वाचलं होतं.

नातीला तिनं विचारलं, पुढं काय झालं त्या पोरीचं. नातीनं सांगितलं की ते साप्ताहिक दुसऱ्यात मिसळलं, पुढं ती दिसलीच नाही. कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली, ती तिसरीनं. इमारतीत आता फ्लॅट आहेत.

"म्हंजे नाचून झाल्यावर तिला बी घालवलीच," नणंद म्हणाली. "घाईघाईत."

आतून सुनेनं चहा आणला. आम्ही तिघींनी तो प्यायला. मला वाटलं, झालं, आता ती पेरू आणायला उठेल आणि आम्ही निघू. पण तिनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "आईनं काय दिलं गं तुला त्याबद्दल?"

कुणालाच न सांगितलेली ती गोष्ट. माझ्या डोक्यात तेवढ्यात तीन खोटी उत्तरं तयार झाली, जुनी सवय. तिसरं तर फारच छान होतं. नात माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आठ दिवस माहेर," मी म्हणाले. "लग्नानंतर पाठवलंच नव्हतं त्यांनी मला. आठ दिवस धाडते म्हणाल्या."

"आठ?"

"आठ."

ती थोडा वेळ बोटानं पट्ट्याची नळी सरळ करत बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं, पाटल्या तरी केल्या असतील."

ती हसली का, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. तिनं माझा दंड पुन्हा ओढून घेतला, पट्टा घट्ट गुंडाळला, बटण दाबलं.

"आता बोलू नको," ती म्हणाली.

मी बोलले नाही.